घरच्या तिखटातला रंग

स्वच्छ तिखट कुठून आणायचं, असा प्रश्न मॅडमनी टाकला तेव्हा सगळ्यांच्या आधी मी हात वर केला. "घर से ले आऊँगी. आँख मूँदके शुद्ध," मी म्हटलं. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, ठीक आहे, मग तेच आपलं ब्लँक. मला त्या क्षणी जो काही आनंद झाला तो आता आठवला तरी कान गरम होतात. माझ्या स्वभावात हे आहेच. कुणी विचारायच्या आत बोलायचं, आणि बोलताना आवाज जरा चढवायचा.

झाशीच्या सदर बाजारात दुकानांच्या वरच्या मजल्यावर आमची खासगी प्रयोगशाळा आहे. खाण्याच्या वस्तू तपासायच्या, एवढंच काम. मॅडम तिच्या प्रमुख, मूळच्या इथल्याच, कमी बोलणाऱ्या. मी त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काढली आहेत की बाहेरून आलेला माणूस मलाच प्रमुख समजतो, कारण आवाज माझा ऐकू येतो. त्या वेळी आम्ही तिखटातला बंदी असलेला लाल रंग शोधायची नवी पद्धत बसवत होतो. सुदान म्हणतात त्या रंगाला. बुटाच्या पॉलिशला आणि मेणाला घालायचा तो रंग. जुन्या, फिक्या पडलेल्या मिरचीत चिमूटभर टाकला की ती नव्या नवरीसारखी लाल दिसते. खाण्यात तो थोडासुद्धा चालत नाही.

हा रंग पकडणारं यंत्र दिसायला अगदीच साधं आहे. बोटभर जाडीची पोलादी नळी, तिला कॉलम म्हणतात, आणि तिच्यात दाबून भरलेली बारीक पूड. तिखटाचा अर्क त्या नळीतून जोरात ढकलायचा. मानिक चौकातून बायकांचा घोळका निघाला की बांगड्यांपुढे थांबणारी सगळ्यांत मागे राहते आणि कशातच मन नसलेली सरळ पलीकडे निघते, तसं नळीत होतं. ज्याला पुडीची ओढ जास्त, ते उशिरा बाहेर येतं. बाहेर येणाऱ्या प्रत्येक पदार्थाची पडद्यावर एक टेकडी उमटते. तिला आम्ही पीक म्हणतो. शुद्ध सुदान एकटाच नळीत सोडून त्याची टेकडी कुठे येते ते आधी बघायचं, मग गिऱ्हाइकाच्या तिखटात त्याच जागी टेकडी आहे का ते बघायचं.

अडचण अशी की मिरचीला स्वतःचाही लाल रंग असतो. तोही टेकड्या काढतो. त्यातली एखादी नेमकी सुदानच्या जागेवर येऊन बसली तर निर्दोष तिखटाला आपण भेसळीचं ठरवू आणि कुणाचं तरी दुकान बसेल. म्हणून पद्धत बसवताना आधी खात्रीचं, काहीही न मिसळलेलं तिखट घालून दाखवावं लागतं की बघा, त्या जागी जमीन सपाट आहे. त्या खात्रीच्या तिखटाला ब्लँक म्हणतात. सगळी पद्धत त्याच्यावर उभी. ते मी घरून आणणार होते.

आता माझी खात्री कुठून आली ते सांगते. बाबा रेल्वेत गार्ड होते. नोकरीपायी झाशीला आले, निवृत्त झाल्यावर परत जाऊ परत जाऊ म्हणता म्हणता इथल्याच नगरा भागात घर बांधून बसले. मी इथलीच. माझं मराठी स्वयंपाकघरात चोख आणि दाराबाहेर पडलं की हिंदीचा हात धरणारं आहे. लिहिताना जपून लिहिते. आमच्यासारखी जी काही मराठी घरं या भागात आहेत, त्यांना इकडचं तिखट कधी मानवलं नाही. जाळ फार आणि रंग कमी. म्हणून दर उन्हाळ्यात आई बेडगी मिरची मागवायची. सुट्टीहून परतणारं कुणीतरी रेल्वेतून पोतं घेऊन यायचं. आई ती गच्चीवर वाळवायची, देठं काढायची आणि गिरणीत स्वतः उभी राहून दळून आणायची. मग ओळखीच्या घरी पाकिटं पोचायची. आई गेल्यावर हे सगळं संपणार असं आम्ही धरून चाललो होतो. पहिल्याच उन्हाळ्यात बाबा नाकाला रुमाल बांधून गच्चीत मिरच्यांची देठं काढताना दिसले.

मी तेव्हा हसले होते. नंतर मात्र मला त्यांचा फार अभिमान वाटायला लागला. गिरणीवाला त्यांना बघून कपाळाला हात लावायचा, कारण बाबा आधी आपलीच मूठभर मिरची जात्यातून काढायला लावायचे आणि ती फेकून द्यायचे, म्हणजे आधीच्या गिऱ्हाइकाचे धणे आपल्यात येऊ नयेत. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही नमुना घालायच्या आधी यंत्र असंच धुऊन घेतो. हे मी मॅडमना किती वेळा सांगितलं असेल. आमचे बाबा म्हणजे जन्मजात केमिस्ट, असं मी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता म्हणायची. डब्यातल्या भाजीवर लाल तेल तरंगत असायचं आणि ती सगळ्यांना वाढायची.

तर मी घरच्या बरणीतून तिखट आणलं, अर्क काढला, गाळला आणि यंत्रात सोडला. सुदानच्या जागी टेकडी आली. लहान, पण चांगली टोकदार.

मी मुळीच घाबरले नाही. मिरचीचाच एखादा रंग त्या जागी येऊन बसलाय, असं मी मॅडमना बेधडक सांगितलं. त्यांनी मान हलवली. पद्धत बसवणं म्हणजे तरी काय, एकमेकांना चिकटून आलेल्या दोन टेकड्या सोडवणं. त्यासाठी नळीतून ढकलायचा द्रव बदलता येतो, त्यातलं पाण्याचं प्रमाण बदलता येतं, आंबटपणा बदलता येतो, नळीची उष्णता बदलता येते. मी एकेक बदलत गेले. जून संपत आला होता, एसी दम टाकत होता, मध्येच वीज जायची आणि सगळं पुन्हा सुरू करावं लागायचं. मी कुणावर तरी सतत खेकसत होते. द्रव बनवणाऱ्या मुलीला म्हटलं की तुझं मोजमाप धड नाही. अर्क गाळायचे फिल्टर खराब आलेत म्हणून पुरवठादाराला फोनवर झापलं. कॉलम जुना झालाय म्हणून नवा उघडायला लावला.

आणि दर वेळी तेच. पाणी वाढवलं की बाबांच्या तिखटातली टेकडी उशिरा यायची आणि शुद्ध सुदानही बरोबर तेवढाच उशिरा यायचा. उष्णता वाढवली की दोघं मिळून अलीकडे सरकायची. मिरचीचे बाकीचे रंग आपापल्या स्वभावाने पांगत होते. ही दोघं मात्र कुठेही एकमेकांना सोडत नव्हती. शिकाऊ पोरीलाही याचा अर्थ कळतो. मीच तो कित्येकींना शिकवला आहे. दोन पदार्थ प्रत्येक परिस्थितीत जोडीने चालत असतील तर ते दोन नाहीतच, एकच आहे.

मला ते कळलं होतं, आणि तरी मी पुढचा बदल करत होते. यंत्र चुकेल, द्रव चुकेल, मुलगी चुकेल, मी स्वतः चुकेन, इथपर्यंत माझी तयारी होती. बरणी चुकेल हे मनात येऊ द्यायला मी तयार नव्हते. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी असं काम करणाऱ्या माणसाला दारात उभं केलं नसतं.

शेवटी मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. पडद्याकडे बराच वेळ बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "ब्लँक बदल के देखो."

त्यांनीच बाजारातून अख्ख्या सुक्या मिरच्या मागवल्या होत्या. आम्ही त्या तिथेच दळल्या, अर्क काढला आणि माझ्या अगदी पहिल्या पद्धतीने सोडला. सुदानच्या जागी जमीन सपाट. पद्धत पहिल्या दिवसापासून उत्तम होती. मी ती इतके दिवस मोडत बसले होते.

द्रव बनवणारी मुलगी काचेची भांडी धुवायला निघून गेली, आणि ती का गेली हे मला कळत होतं. मॅडमनी विचारलं, "घर का ही था ना?"

आणि मी म्हटलं, "नहीं, शायद घर का ख़त्म हो गया होगा. पापा ने बाजार से मँगा लिया होगा."

बाजारातून मागवलेलं नव्हतं. बरणी मी स्वतःच्या हाताने उघडली होती आणि ते तिखट बाबांनी गेल्याच महिन्यात दळून आणलं होतं. सगळ्यांसमोर एवढी मिरवले होते, तीच मी आता अशी शेपूट घालून उभी होते. मॅडमनी मान हलवली, तीही माझ्याकडे न बघता, आणि एवढंच म्हणाल्या की मग जे घरात आहे ते खाऊ नका. त्यांना खरं काय ते कळलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजवर आमच्याकडे नमुना नापास झालेला दुकानदार यायचा आणि म्हणायचा, मॅडमजी, हमारा माल तो शुद्ध है, पीछे से ऐसा आ गया होगा. त्याच्या पाठीमागे आम्ही हसायचो. मी हुबेहूब तेच वाक्य बोलले होते.

संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबांनी मटकीची उसळ केली होती. वर तर्री तरंगत होती. ते माझी वाट बघत थांबले होते, ताटं मांडून. मी ऑटोत बसून सगळा रस्ताभर वाक्यं जुळवत आले होते आणि ताट बघून एकही आठवेना.

"बाबा, ते खाऊ नका," मी म्हटलं.

"का? विटली का? आत्ता तर केली."

"या वर्षी तिखटात काय घातलंत?"

"काय घालणार? मिरची."

"नुसती?"

बाबांना खोटं बोलता येत नाही असं नाही, पण त्यासाठी त्यांना वेळ लागतो आणि तो त्यांनी घेतला नाही. "थोडी तयार घातली," ते म्हणाले. "मानिक चौकातून. किलोला मूठभर. रंगासाठी. दुकानदार म्हणाला, बाऊजी, खास रंगवाली आहे, बाहेरून येते. का, काय झालं?"

बेडगी आणून देणारे आता इथे राहिले नव्हते. ज्यांच्याबरोबर पोतं यायचं ते निवृत्त होऊन गावी गेले होते. गेल्या दोन उन्हाळ्यांत बाबा इकडचीच मिरची वापरत होते आणि हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही. मी एकाच घरात राहून ते विचारलं नव्हतं.

"पण रंग कशाला हवा होता?" माझा आवाज चढला. "कुणी मागितला होता तुमच्याकडे रंग?"

बाबा अगदी सहज म्हणाले, "तूच म्हणालीस ना गेल्या वर्षी. आईच्या तिखटाने फोडणी कशी लालभडक व्हायची, हे आपलं विटकरी आहे. मला वाटलं, सगळ्यांनाच तसं वाटत असणार. बोलत नसतील."

त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा लवलेश नव्हता. सिग्नल का मिळाला नाही याचं कारण सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. मला तर बोललेलं आठवतही नव्हतं. फोनमध्ये डोकं घालून जेवता जेवता बोललेलं असणार. मी असं दिवसातून दहा वेळा काही ना काही बोलते आणि विसरून जाते. ते वाक्य घेऊन माझे बाबा मानिक चौकात गेले होते आणि दुकानदारापुढे उभे राहून त्यांनी रंग मागितला होता. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला. मी रडत रडतच त्यांना सुदान म्हणजे काय ते सांगितलं. बुटाचं पॉलिश म्हटल्यावर त्यांनी ताट बाजूला सारलं.

"किती निघाला?" त्यांनी विचारलं.

"किती हा प्रश्नच नाही. तो असायलाच नको."

"तरी पण."

"फार नाही. पण आहे."

बाबांनी उसळीच्या पातेल्यावर झाकण घातलं. मग म्हणाले, "तुझ्या ऑफिसात कळलं का सगळ्यांना?" मी हो म्हटलं. मी काय सांगून आले होते ते मात्र सांगितलं नाही. त्यांना वाटत होतं की त्यांनी मला मान खाली घालायला लावली. त्यांनी दोनदा माफी मागितली माझी. मी त्यांना गप्प बसवू शकले नाही.

पाकिटं देऊन झाली होती. मी म्हटलं, सगळ्यांना फोन करून सांगते, फेकून द्या म्हणावं. बाबांना ते पटलं नाही. "मी माझ्या हाताने दारात नेऊन दिलं. फोनवर काय परत घेऊ?" म्हणाले. रविवारी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मोठी कापडी पिशवी घेतली आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले.

पहिल्या घरी मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. बाबांनी दारातच सांगितलं, "तिखटात भेसळ निघाली आहे. माझ्याकडून झाली. जेवढं उरलंय तेवढं परत द्या." घरच्या सुनेने अर्धं वापरलेलं पाकीट आणून दिलं आणि चहा ठेवते म्हणाली. बाबा थांबले नाहीत. दुसऱ्या घरी त्यांना प्रश्न विचारले, कसला रंग, त्याने काय होतं, लहान मुलांनी खाल्लंय, आता काय करायचं. ती उत्तरं मला द्यायची होती. मी एरवी अशा प्रश्नांवर अर्धा तास बोलू शकते. तिथे मी म्हटलं की थोड्या दिवसांत, थोड्या प्रमाणात सहसा काही होत नाही, पण पुढे खाऊ नका. ती बाई माझ्याकडे अशी बघत होती की तू तर तपासणारी ना, मग आधी का नाही तपासलंस. तिने ते विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आईच्या मैत्रिणीचं घर आम्ही मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. काकूंचं घराणं झाशीतलं फार जुनं, चार पिढ्यांचं, आणि त्या आईसारखंच तिखट ओळखणाऱ्या. बाबांना त्यांची सगळ्यांत जास्त भीती होती. त्यांनी दार उघडलं, आम्हाला बसवलं, बाबांचं सगळं ऐकून घेतलं. बाबांचा आवाज या वेळी जरा कापला. त्यावर काकू घाईघाईने म्हणाल्या, "अहो भाऊजी, एवढं काय जिवाला लावून घेता! आमच्याकडे कुणी बोटसुद्धा लावलं नाही त्याला. वहिनी गेल्यापासून तुम्ही देता ते मी आमच्या कामवालीलाच देते."

हे त्या आम्हाला धीर द्यायला बोलल्या. बोलून झाल्यावर त्यांना कळलं. "म्हणजे आमच्या ह्यांना तिखट सोसत नाही ना," त्या म्हणाल्या आणि उगाच टेबलावरचं वर्तमानपत्र नीट करायला लागल्या. दर वर्षी पाकीट हातात घेऊन 'वा, काय वास आहे' म्हणणाऱ्या त्याच काकू. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मला त्यांना खूप काही बोलायचं होतं. पण रंगाची भेसळ आम्हीच त्यांच्या दारात आणून ठेवली होती, तेव्हा माझ्या तोंडाला कुलूप होतं. माझ्याच्याने बाबांकडे बघवेना. गच्चीतल्या उन्हात नाकाला रुमाल बांधून काढलेली ती सगळी देठं माझ्या डोळ्यांपुढे होती.

बाबांनी फक्त विचारलं, "कुठे राहते ती?"

"अहो, मी सांगीन ना तिला उद्या."

"नको. मी जातो."

रेल्वे लाइनीच्या पलीकडच्या वस्तीत तिचं घर होतं. मी वाटेत म्हटलं, तुम्ही स्कूटरजवळ थांबा, मी जाऊन घेऊन येते. ते चालतच राहिले. दार उघडंच होतं. ती चुलीपाशी बसून कांदा चिरत होती. आम्हाला बघून गडबडून उठली आणि डोक्यावर पदर घेतला. काकूंकडे काम करताना आम्ही तिला पाहिलं होतं, बोलणं मात्र कधी झालं नव्हतं.

बाबा नेहमीचं वाक्य हिंदीत म्हणायला लागले आणि मध्येच अडकले. मग मी सांगितलं. मिरची में मिलावट निकली है, खाना मत, जो बची है वापस दे दो.

तिला ते खरं वाटेना. फळीवरून तिने स्टीलचा डबा काढला. पाकीट तिने त्यात ओतून ठेवलं होतं, आणि डबा घासूनपुसून लखलखीत ठेवलेला होता. झाकण उघडून किती छान आहे ते तिने आम्हाला दाखवलं. "मिलावट? जामें?" ती बुंदेलीत म्हणाली. "इत्ती नोनी तो है. पे आंटी तो कहत तीं, बाऊजी हर साल हमाए लाने अलग से पिसवाउत हैं."

बाबा दर वर्षी खास तिच्यासाठी वेगळं दळून घेतात, असं काकूंनी तिला सांगितलं होतं. नको असलेली वस्तू देताना माणूस काहीतरी गोड बोलतो, तसं बोलून गेल्या असणार. मला वाटलं, बाबा आता सांगतील की नाही गं, तुझ्यासाठी नव्हतं ते. मीच सांगायला तोंड उघडलं होतं.

"हाँ बेटा, तुम्हारे लिए ही," बाबा म्हणाले. "इस बार मुझसे गलती हो गई." आणि त्यांनी हात जोडले.

ती दोन पावलं मागे सरकली. "अरे बाऊजी, हमाए हाथ काय जोड़त?" म्हणाली. तिला इतकं अवघडलं की तिने पटकन डबा आमच्या पिशवीत रिकामा केला आणि पदराने आतून पुसला. मग बाबांकडे न बघता हळूच विचारलं, "अगली साल तो बनाहो?"

बाबांनी पिशवीचे बंद आवळले.

"बनाऊँगा," ते म्हणाले. "पर पहले ये अपनी मशीन में देखेगी. ये पास करेगी, तब तुम्हारे घर आएगी."

हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे बोट केलं. आवाज अगदी साधा होता. तिने हो म्हणून मान हलवली. मला त्यांना सांगायचं होतं की मशीनने पकडल्यावरही मी किती दिवस ते मानलं नव्हतं, आणि मानावं लागलं तेव्हा मॅडमसमोर त्यांचं तिखट आमच्या घरचं नाहीच म्हणाले. सांगितलं नाही. पिशवी त्यांच्याकडून घ्यायला गेले, ती त्यांनी दिली नाही, आणि स्कूटर लावली होती तिथपर्यंत मी त्यांच्या मागून चालत गेले.